एक घोट मागे ठेवायचा

त्या गुरुवारी वाटेत आमचं एकच काम होतं, बुशराचे पासपोर्ट साइजचे फोटो घ्यायचे. सोमवारी नांदेडला तिची मुलाखत होती, एका उर्दू शाळेत, कायमच्या जागेसाठी. औसा रोडवरच्या फोटोवाल्याकडे स्कूटी थांबवली, त्याने पाकीट शोधायला नाव विचारलं, आणि बुशरा अडकली. "बु... बु... बु..." तो पाकिटांच्या ढिगात हात घालून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी मीच नाव सांगितलं. रुमालाने तोंड पुसत ती मागे बसली आणि आम्ही आमच्या भाषणाच्या क्लबकडे निघालो.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला नाजूक समजणार नाही. मी सुकन्या. लातुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. लोकांची थुंकी, लघवी, पू हे माझं रोजचं. शेजारच्या टेबलावर शौचाच्या डब्या मांडलेल्या असतात आणि मी इकडे निवांत भाकरी मोडत असते. बुशरा त्याच लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची. बी.एड. झालेली, हुशार. नवरा गेल्यावर सात वर्षांच्या लेकीला, मनतशाला, एकटीने वाढवत होती. याआधीच्या तीन मुलाखतींत ती स्वतःच्या नावापाशीच अडकून परत आली होती, आणि यानंतर ती वयात बसणार नव्हती. म्हणून मीच तिला म्हटलं, चल आमच्या क्लबात, भीड मोडेल. मीच म्हटलं. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही.

आमचा क्लब भाषण शिकणाऱ्यांचा. एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये दर गुरुवारी साडेसहाला वीसेक माणसं जमायची. कुणी दुकानदार, कुणी वकील, कुणी पार्लरवाली. एकेकाने उभं राहून पाच-सात मिनिटं बोलायचं; पहिलं भाषण व्हायच्या आधी नवे लोक जागेवरूनच दोन मिनिटं बोलायचे. एकजण हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवून वेळ सांभाळायचा, आणि एकजण बोलणाऱ्याचे "अं", "म्हणजे", "ते आपलं" मोजायचा. ते मोजायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक "अं"ला टेबलावरची घंटी वाजवायची आणि वहीत रेघ ओढायची. तीन महिने मी एवढंच केलं. माझं पहिलं भाषण काही ना काही कारण काढून पुढे ढकलत राहिले, आणि कारण होतं तो पेला.

पेला पितळी होता, वर मण्यांची जाळी, आणि तो कायम बोलणाऱ्याच्या टेबलावर असायचा. क्लब काढला अमृतराव सरांनी, ते निवृत्त मुख्याध्यापक. लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात सरांनी नेम घातला की पेल्यातलं उरलेलं पाणी कुणी फेकायचं नाही. बोलण्याआधी घोट घ्यायचा, एक घोट मागे ठेवायचा, आणि पुढच्यासाठी त्यातच भर घालायची. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पुढे पाऊस पडले, नळांना पाणी आलं, सर वारले, पण नेम तसाच राहिला. पहिलं भाषण करणाऱ्याने सरांचा पेला तोंडाला लावल्याशिवाय त्याला सभासद मानायचे नाहीत. म्हणजे त्या उन्हाळ्यापासून तो पेला एकदाही रिकामा झाला नव्हता, की एकदाही घासला गेला नव्हता. दह्याला विरजण राखतात तसं शेकडो तोंडांचं उष्टं त्यात मुरत आलं होतं. थुंकीचं मला काही वाटत नाही, पण ती डबीत असते आणि माझ्या हातात मोजे असतात. कुणी पी म्हणालं तर मी कशी पिणार?

त्या दिवशी लाइट गेली होती. इन्व्हर्टरवर दोनच दिवे चालू होते. क्लबचे अध्यक्ष मल्लिनाथअप्पा, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यांनी नेहमीप्रमाणे सर्वांना उभं केलं आणि मोबाइलवर सरांच्या जुन्या भाषणाचा एक मिनिटाचा तुकडा लावला. सरांची कवळी सैल होती. प्रत्येक वाक्य संपलं की ती "टक" वाजायची, आणि मागोमाग सुर्रकन लाळ आत ओढल्याचा आवाज यायचा. "तर मंडळी, माणसानं न भिता बोलावं..." टक. सुर्र. दर गुरुवारी मी ते खाली मान घालून ऐकायची.

मग पुनम उभी राहिली. सव्वीस वर्षांची, पार्लर चालवणारी, लाघवी पोरगी. तीन महिन्यांपूर्वी हिला माइक बघून रडू यायचं. आता ती केस गळण्यावर घडाघडा बोलत होती. मी पेन्सिल धरून बसले. एकही "अं" नाही. कौतुक वाटलं. आणि मग वाक्याच्या शेवटी मला ऐकू आलं... टक.

मी मान वर केली. पुनमच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, एकही हललेला नाही. ती पुढचं वाक्य बोलली आणि पुन्हा टक, आणि मागोमाग सुर्र. डाव्या हाताच्या अंगठ्याने तिने ओठाचा कोपरा पुसला.

तिच्यानंतर उमाशंकर वकील बोलले. तेच. तीच टक, तोच अंगठा. मी हळूच वहीची मागची पानं चाळली. ज्यांनी पेला घेतला होता त्यांच्या नावापुढे त्या दिवसानंतर एकसुद्धा रेघ नव्हती. एकसुद्धा. माणूस बोलताना कुठेतरी अडखळतोच हो. मी याला सराव समजत होते, इतके दिवस! मी वही मिटली.

चहाच्या सुट्टीत मी पेल्यापाशी गेले. जाळी उचलली आणि वास आला. सकाळी उठल्यावरच्या तोंडाचा वास असतो ना, आंबूस, कोमट, तसा. पण एका तोंडाचा नाही. पाणी अर्धा पेला होतं आणि पितळेला आतून बुळबुळीत पांढरट साय धरली होती.

"अप्पा, पेला घासून आणू का?" मी विचारलं.

"घासायचं न्हाई, ताई," मल्लिनाथअप्पा शांतपणे म्हणाले. "सरांचा नेम हाय." मग हसले, आणि त्यांच्याही तोंडात काहीतरी वाजलं. "तुमी कवा घेनार? तीन महिने झाले की."

मी बुशराचा हात धरून तिला बाहेर जिन्यापाशी नेलं.

"तू ते पाणी पिऊ नको," मी कुजबुजले. "घसा कोरडा पडला तर माझी बाटली घे."

"का... का गं?"

"तू ऐकलं नाही? ती पुनम बोलत नव्हती, बुशरा. त्या वकिलाच्या तोंडून पण तो म्हाताराच... आणि ते पाणी बघ जरा. मला सुद्धा किळस आली. मला!"

तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. ती रागावली नव्हती, ते मला जास्त लागलं.

"सुकन्या... तुला बो... बोलता येतं," ती म्हणाली. "तुला कि... किळस प... परवडती. मला न्हाई."

ती आत गेली. मीही जाऊन जागेवर बसले.

सुट्टीनंतर पहिल्या भाषणासाठी बुशराचं नाव पुकारलं, आणि तिने पेला दोन्ही हातांनी उचलला. रोज शेकडो माणसांचं रक्त काढते मी, माणसाचा घसा मला वाचता येतो. घोट उतरला की गळ्याची घाटी वर जाते आणि खाली येते. बुशराची घाटी हलली नाही. ओठ पेल्याला चिकटलेले, डोळे मिटलेले, आणि घसा तसाच. मी मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत आले तेव्हा तिने पेला खाली ठेवला.

अर्धा असलेला पेला काठोकाठ भरला होता.

तिच्या खालच्या ओठापासून पेल्याच्या कडेपर्यंत लाळेची एक पांढरी तार लोंबत होती. ती एक पाऊल मागे सरली, तार लांबली. दुसरं पाऊल मागे सरली, तरी तुटली नाही. हॉलमधल्या सगळ्यांनी, पुनमने, वकिलांनी, अप्पांनी, एकाच वेळी डावा अंगठा उचलला आणि आपापल्या ओठांचा कोपरा पुसला. तेव्हा कुठे ती तार तुटली.

"तर मंडळी," बुशरा म्हणाली, "माझं नाव बुशरा."

सात मिनिटं ती बोलली. लाल कार्ड वर गेलं तेव्हा ती बरोबर शेवटच्या वाक्यावर होती. माझी घंटी एकदाही वाजली नाही. टाळ्या थांबेनात आणि बुशराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. तिने येऊन मला मिठी मारली, कानाशी म्हणाली, "बोलले मी, सुकन्या!" टक. तिच्या तोंडाला तोच वास होता. मी तिला बाजूला सारून बेसिनकडे धावले आणि दुपारची भाकरी ओकून टाकली. माझ्या मैत्रिणीच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण, आणि मला तिचा स्पर्श सहन झाला नाही. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते, आणि किळसही येतेच.

आवराआवर चालली होती तेव्हा मी पर्समधली एक रिकामी डबी काढून त्यात ते पाणी चमचाभर घेतलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. वाटलं होतं, जंतूंची जत्रा दिसेल. एकही जंतू नव्हता. इतक्या वर्षांचं उष्टं पाणी, आणि त्यात फक्त गालाच्या आतल्या पेशी होत्या, एकीला एक लागून, थरावर थर. पाण्यात राहिल्या तर अशा पेशी फुगतात, फुटतात, कुजतात. या आत्ता कुणाच्या तरी गालातून खरवडल्यासारख्या ताज्या होत्या. मी काच ब्लीचमध्ये बुडवली आणि डबी जाळायच्या पिशवीत टाकली. क्लबात परत पाऊल ठेवलं नाही.

बुशराला नोकरी लागली. मुलाखत घेणारे उठून उभे राहिले म्हणे. महिन्याभरात ती मनतशाला घेऊन नांदेडला राहायला गेली. सुरुवातीला रोज संध्याकाळी फोन करायची, तास तास बोलायची. शाळा, मुलं, घरमालकीण, न थांबता, न अडखळता. मी फोन कानापासून वीतभर लांब धरायची. हळूहळू तिचं बोलणं माझ्याशी राहिलंच नाही. मी काही विचारलं तरी त्याचं उत्तर नसायचं, नुसतं भाषण पुढे चालू. मग मी फोन उचलणं बंद केलं. बरं वाटत नाही, कामात आहे, अशी स्वतःशीच कारणं काढली. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सातला तिचा फोन आला. चार वेळा वाजून बंद झाला. पाचव्यांदा उचलला. बुशरा नव्हती, मनतशा होती. ती मला खाला, म्हणजे मावशी म्हणायची.

"सुकन्या खाला... अम्मी बोलून राहिली."

"कुणाशी बोलते, बेटा?"

"कुनाशीच न्हाई. भिंतीकडं तोंड करून."

मागे बुशराचा आवाज येत होता. खणखणीत, सलग. शब्द कळत नव्हते.

"कधीपासून?"

"शाळेतून आली तवापासून. जेवताना पन बोलती. घास खाली पडून राहिले तरी..."

"तिला पाणी दे आधी. घसा सुकला असेल तिचा."

"पानी पीत न्हाई ती, खाला." पोर एकदम हळू बोलायला लागली. "नुसता गिलास तोंडाला लावती. मी अर्धा भरून देते... अन् वापस देती तवा पूर्ण भरलेला असतो."

मी उठले. पर्स खांद्याला लावली.

"मनतशा, ऐक माझं. ते पाणी मोरीत ओतून टाक. आत्ताच्या आत्ता. ऐकून राहिलीस ना? आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन बस. मी निघते, शेवटची बस मिळेल मला..."

"अम्मी ओतू देत न्हाई."

"मग... त्या पाण्याचं काय करते ती?"

पलीकडे बुशराचं बोलणं थांबलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते मधेच थांबलं होतं. मला फक्त दोघींचा श्वास ऐकू येत होता, दोन्ही अगदी फोनजवळ.

"खाला," मनतशा म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात भीती राहिली नव्हती, "लई गोड लागतंय."