भागूचा आवाज पुसलेली रेकॉर्ड

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर ओतूरला जा. एसटी स्टँडच्या मागं कासमभाईंचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांनाच विचारा.

फक्त साळुबाई समोर असताना विचारू नका.

नव्वदच्या सुमारास कासमभाई, सुदर्शन आणि भागू या तिघांनी चक्क प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांबलचक विलायती वळणाच्या गाण्यांचा, अल्बम काढला होता. ओतुरात! कॅसेटच्या एका बाजूला एकच गाणं, बावीस मिनिटांचं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. सुदर्शनची गिटार, कासमभाईंचा ऑर्गन आणि भागूचा गळा.

आवाज घुमवायचं मशीन परवडत नव्हतं. म्हणून भागू दोर धरून कोरड्या विहिरीत उतरायचा आणि वरून हे दोघं माईक सोडायचे. गाणं झालं की तो खालून ओरडायचा, "कासम, घे रं वर!"

पुढं भागू तापानं गेला. कॅसेटींना बुरशी लागली. उरली ती फक्त मूळ टेप, कासमभाईंच्या कपाटात.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीनं तो अल्बम पुन्हा काढायचं ठरवलं. सुदर्शन टेप न्यायला आला. कासमभाईंनी विश्वासानं दिली आणि भागूच्या आईला, साळुबाईला, शब्द दिला.

"मावशी, भागूचा आवाज परत ऐकवतो."

गेल्या माघात रेकॉर्ड आली. भर दुपारी साळुबाई दुकानात येऊन बसली. कासमभाईंनी सुई टेकवली.

ऑर्गन वाजला. गिटार वाजली. मग गाणं सुरू झालं...

आवाज सुदर्शनचा होता.

 कासमभाई सुई उचलून दाराबाहेर गेले आणि त्यांनी सुदर्शनला फोन लावला.

"भागू कुठंय?"

"कंपनीला पसंत नाय पडला, राव. लई घुमत व्हता. मी नव्यानं गायलो."

"आन् टेप?"

"टेपवर त्याच्या आवाजाच्या जागीच गायलो. जुनं पुसलं गेलं."

पुसलं गेलं! जिवाभावाचा दोस्त म्हणवणारा माणूस हे बोलला. कासमभाईंना रडू फुटलं. आता मावशीला तोंड कसं दाखवायचं?

ते आत वळले.

साळुबाई डोळे मिटून डोलत होती.

सुई वरच होती. तबकडी थांबलेली होती...

"किती ग्वाड गातोय माझा भागू," ती म्हणाली.

कासमभाईंना गाणं ऐकू आलं नाही. आधी नुसती शांतता. मग फरशीखालून काहीतरी घासल्यासारखं...

दोर.

आणि खूप खोलवरून...

"कासम, घे रं वर."

त्यांनी प्लग उपटला. हाक थांबली नाही.

आता साळुबाई रोज येते, त्याच बाकावर बसते. हसऱ्या चेहऱ्यानं विचारते, "झ्याक गातोय का नाय, कासम?" कासमभाई मान हलवतात. खरं सांगायची त्यांची छाती होत नाही.

घात सुदर्शननं केला. पण तो तिकडं पुण्यात निवांत झोपतो. त्याला कुणी हाक मारत नाही.

खालून येणाऱ्या आवाजात नाव असतं ते फक्त कासमभाईंचं. आणि हल्ली त्या आवाजात विनवणी राहिलेली नाही.