बाराचं पाणी गेलं कुठे?

"बारा वाजून वीस! आणि पाटात पाणी नाही, बेडूक आहे!" झिना ओरडली.

तेरा वर्षांची झिना पिकेट कोरड्या पाटात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचा धाकटा भाऊ ओम्नर बेडकाकडे वाकून बघत म्हणाला, "तोही बिचारा पाण्याचीच वाट बघतोय."

"दात काढू नकोस!"

दात काढण्यासारखं काही नव्हतंच. सॅनपीट खोऱ्यात जुलैत पावसाचं नाव नाही. सगळ्या गावाला डोंगरातून येणारा एकच पाट, आणि एकेका घराला आठवड्यातून दोन तास पाणी. पिकेटांचं पाणी गुरुवारी बारा ते दोन. मागच्या गुरुवारी ते आलं दोनला पाच कमी असताना. कोंबड्यांना पुरलं, बस! गव्हाच्या ओंब्यांत आत्ता कुठे चीक भरत होता. आजचं पाणी चुकलं की दाणे पोचट. आणि मग हिवाळाभर खायचं काय? बाबा गाड्या घेऊन मिसुरी नदीकडे गेलेले, गावात वस्तीला येणारी नवी माणसं आणायला. ते उगवणार थेट सप्टेंबरात.

"क्रँडलभाऊंकडे जाऊन आले मी," आई म्हणाली. क्रँडलभाऊ म्हणजे गावचे पाटकरी, ज्याच्या त्याच्या वेळेला पाणी सोडणारे. "म्हणाले, मी पाटाचं दार उघडलंय. घुशींनी पाट फोडला असेल."

"फुटलेला बघितला का त्यांनी?"

"ते जेवत होते."

"आणि मागच्या गुरुवारी?"

"तेव्हाही जेवतच होते."

"घुशी म्हणे!" झिनाचं डोकंच फिरलं. "हीलामन! निघ बाहेर!"

हीलामन मावशीचा मुलगा. मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको, राहायला शेजारच्याच घरात. पावाचा तुकडा तोंडात कोंबत तो धावत आला. शाळेला सुट्टी लागल्यापासून या तिघांना उद्योगच नव्हता. आता मिळाला!

तिघं पाटाच्या कडेने वर निघाली. कुठे ओल नाही, कुठे भोक नाही.

"एकही घूस नाही," हीलामन म्हणाला.

"घुशीसुद्धा जेवायला गेल्या असतील," ओम्नर म्हणाला.

वाळुंजाच्या झुडपांपाशी आल्यावर आतून आवाज आला. धप्पाक! मग फुर्रर्र!

"अस्वल!" ओम्नर झिनाच्या मागे लपला.

आतलं अस्वल मोठ्याने काहीतरी करवादलं.

"अस्वल डॅनिशमध्ये चिडतं का रे?" झिनाने फांदी बाजूला केली.

पाटात आडव्या तीन फळ्या ठोकल्या होत्या आणि मागे कमरेएवढं पाणी तुंबलं होतं. त्यात उभे होते मॅडसेनभाऊ. गावचे डॅनिश लोहार, बैलाएवढे आडवे, अंगात पांढरा झगा! त्यांनी एका हाताने नाक दाबलं, दुसरा छातीवर ठेवला आणि पाठ टेकल्यासारखे मागे पडले. सगळे गडप! मग हळूच दोन अंगठे वर आले, सलगमाचे गड्डे तरंगावेत तसे.

"मॅडसेनभाऊ!!"

भाऊ एवढ्या जोरात उठले की तिघंही भिजली.

"कुणाला सांगू नका, पोरांनो!" ते काकुळतीला आले. "रविवारी सगळ्या गावाने पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा आहे. माणूस अख्खा बुडायला पाहिजे. जरा काही वर राहिलं की पुन्हा बुडवतात. मागच्या वेळी माझे हे अंगठे! पाच वेळा बुडवलं मला! बायको हसली. बिशप हसले. काठावरचे घोडेसुद्धा हसत होते!"

"म्हणून आमचं पाणी अडवलंत?"

"तुमचं? दुपारी सगळे जेवायला घरी असतात. मला वाटलं, पाणी रिकामंच वाहतंय."

"आमचा गहू वाळतोय, भाऊ!"

मॅडसेनभाऊंचा चेहरा पडला. पुढच्या क्षणी त्यांनी तिन्ही फळ्या उपटल्या. पाणी धाडकन सुटलं आणि भाऊंना बसल्या बसल्या वीस पावलं घेऊन गेलं!

पण दीड वाजून गेला होता. शेतात पाणी पोचायचं तोवर दोन व्हायला आले असते.

"दहा मिनिटांत काय भिजणार?" झिनाने ओठ चावला. "हीलामन, पळ! बिशपना घेऊन ये. आणि मॅडसेनभाऊ, तुम्ही आमच्या कुंपणामागे लपा. मी सांगेपर्यंत शिंकायचंसुद्धा नाही!"

बरोबर दोनला क्रँडलभाऊ घड्याळ बघत शेताच्या तोंडाशी आले. "वेळ संपली, पिकेटताई. दार बंद!"

"अहो, पाणी आत्ता आलंय!" आई म्हणाली.

तेवढ्यात बिशप आले. गावचा धर्म आणि न्याय दोन्ही त्यांच्याकडे, पण पोटासाठी ते जोडे शिवायचे. अंगात चामड्याचा एप्रन तसाच होता. झिनाने आवाजात मध घातला. "क्रँडलभाऊ, दार उघडलं की पाटकऱ्याने सगळा पाट चालून बघायचा असतो ना?"

"म्हणजे काय! रोज बघतो."

"आजही?"

"आजही! वरपासून खालपर्यंत!"

"वाळुंजांपाशी मॅडसेनभाऊ होते म्हणे?"

क्रँडलभाऊंनी बिशपकडे चोरून पाहिलं. "होते की! गाळ काढत होते. मी म्हटलंसुद्धा, शाबास!"

कुंपणामागून मॅडसेनभाऊ बाहेर आले. झगा निथळतोय, दाढीत शेवाळ. "मी गाळ काढत नव्हतो. बिशप, मी बुडायला शिकत होतो. चूक माझी आहे." आणि त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. अंगठ्यांसकट!

आई तोंडावर हात न ठेवता चांगली उघडपणे हसली. बिशपनी मात्र ओठ घट्ट मिटून घेतले.

"क्रँडल, तीन फळ्या, कमरेएवढं पाणी आणि हा एवढा माणूस! यातलं काय काय दिसलं तुम्हाला?"

"जेवण... जरा लांबलं," क्रँडलभाऊ पुटपुटले.

"दोन ते चार पाणी कुणाचं असतं?"

"माझं."

"होतं," बिशप म्हणाले. "आज ते पिकेटांचं. आणि पुढच्या गुरुवारी दार उघडलं की आधी चालायचं, मग जेवायचं!" मग ते मुलांकडे वळले. "मोठ्या माणसांनी करायचं काम तुम्ही केलंत, पोरांनो. शाबास!"

"मॅडसेनभाऊ," ओम्नर म्हणाला, "मागे पडताना गुडघे वाकवले तर?"

मॅडसेनभाऊ त्याच्याकडे बघतच राहिले. "दोन गुरुवार!" ते कण्हले. "दोन गुरुवार घालवले मी!"

पाणी सळसळत गव्हात शिरलं. तडकलेली जमीन ते गटागटा पीत होती. आई सहसा कुणाचं कौतुक करायची नाही, आणि पाण्याला तर दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. ती बांधावर बसली, बूट काढले, पाय पाण्यात सोडले.

"झिना," ती म्हणाली, "चारपर्यंत दारं तू धर."