खडकाखालचा कॅन

नेल्डाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर पाण्याचे चार भरलेले कॅन ठेवले. दोन तिचे, दोन नवऱ्याचे, लायलचे. अ‍ॅरिझोनातल्या त्या उघड्याबोडक्या डोंगरांत सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असलं, तरी पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवतात. वर टिपूसभर मिळत नाही.

"खिंडीतून चढायचं आणि पलीकडच्या घळीतून उतरायचं," ती म्हणाली. "एफ्रेनबरोबर गेला होतास ना, तस्संच."

लायलने टॉर्टियाचा तुकडा बीन्समध्ये बुडवला. "वर्ष झालं आता. त्याच्या नावाचा क्रूस काय, अंगणातही लावता येईल."

"एफ्रेन जिथे मेला तिथेच क्रूस लागेल. आणि तूच तो ठोकणार आहेस."

वर्षभर तिचं डोकं तापलेलंच होतं. एफ्रेन तिचा धाकटा भाऊ. डोंगरात जायच्या आठवडाभर आधी त्याने घळीच्या खालच्या तोंडाशी, खडकाखाली, परतीसाठी भरलेला कॅन ठेवला होता. वर जाड पेनाने स्वतःचं नाव. इकडे सगळेच तसं करतात, आणि दुसऱ्याच्या कॅनला कुणी हात लावत नाही. उतरताना लायल पुढे होता. लायल घरी आला. एफ्रेन त्या खडकाला टेकून बसलेला सापडला, मांडीवर रिकामा कॅन घेऊन.

"फुटका होता तो," लायल आत्ताही म्हणाला. "शंभरदा सांगितलंय."

पोलिसांनी कॅन परत दिल्यावर नेल्डाने तो भरून रात्रभर ओट्यावर ठेवला होता. थेंबही गळला नव्हता. हे तिने लायलला सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं तिला, आणि म्हणूनच हा सगळा खटाटोप होता.

ती काही बोलणार, तोच तिचं लक्ष लायलच्या एका कॅनकडे गेलं. तो अर्धा झाला होता.

"प्यायलास?"

"मी? हातही नाही लावला."

झाकण घट्ट होतं. खालचा नकाशा कोरडा होता. तिने बोट फिरवून पाहिलं, कॅन उलटा करून पाहिला, मग तो नळाखाली काठोकाठ भरून जागेवर ठेवला.

"त्या खडकापाशी पोचलास तेव्हा कॅन कसा होता?" तिने विचारलं.

"सांगितलं ना, रिकामा पडला होता."

तिच्या डोळ्यांदेखत पाणी उतरलं. बुडबुडा नाही, आवाज नाही. कुणीतरी सावकाश पीत असावं, तसं ते खाली खाली गेलं आणि तळ दिसला.

लायलच्या हातातला तुकडा ताटात पडला.

"पुन्हा सांग," नेल्डा म्हणाली. तिला भीती वाटायला हवी होती. पण रागाने तिच्या मनात जागाच ठेवली नव्हती. "सांग, रिकामा होता म्हणून!"

त्याचा दुसरा कॅन उतरू लागला.

"भरलेला होता," लायल पुटपुटला. "थोडं प्यायलो. उरलेलं डोक्यावर ओतलं. ऊन फार होतं गं... वाटलं, त्याच्याकडे असेल."

"आणि कॅन?"

"झाकण लावून परत खडकाखाली ठेवला."

झाकण लावून! म्हणजे त्या कॅनच्या भरवशावर अख्खी घळ उतरलेल्या एफ्रेनला तो हातात घेईपर्यंत काही कळलं नसणार. नेल्डाने ताट उचलून भिंतीवर फेकलं.

"नालायका! उद्या तू येणारच आहेस."

तिने स्वतः चारही कॅन पुन्हा भरले आणि दोघांच्या पिशव्यांत घातले. रात्री पाणी कुठेही उतरलं नाही. तिने दोनदा उठून पाहिलं.

उजाडता उजाडता त्यांनी वाटेच्या तोंडाशी गाडी लावली. लायल बुटांच्या नाड्या बांधत होता. नेल्डाने गाडीतून त्याची पिशवी काढायला हात घातला, आणि ती एका बोटावर उचलली गेली.

तिने आत पाहिलं. दोन्ही कॅन, झाकणं घट्ट, आत ठणठणीत कोरडे.

तिची पिशवी जड होती. तिचं पाणी जसंच्या तसं होतं.

तिने त्याची पिशवी बंद केली आणि त्याच्यापुढे धरली.

लायलने ती खांद्यावर घेतली आणि गुडघ्यांतून वाकला. तोल सावरायला त्याने गाडीला हात टेकला.

"बाप रे," तो म्हणाला, "केवढं पाणी भरलंस गं!"

"चल," नेल्डा म्हणाली. "तू पुढे हो."