स्टिअरिंगखालचं सॉकेट

"अहो, ते बॉनेटमध्ये नसतं!"

मी ओरडले तेव्हा त्याचं अर्धं अंग इंजिनात होतं. तो दचकून उठला, बॉनेटवर डोकं आपटलं, आणि कपाळ चोळत माझ्याकडे बघून हसला. पहिल्याच भेटीत असं हसू नये माणसानं...

मी आम्रपाली. चिखलीत आबाजींच्या गॅरेजात गाड्यांना स्कॅनर लावते. गाडीला काय दुखतंय ते स्कॅनर सांगतो. पण त्याआधी त्याची वायर गाडीच्या सॉकेटला जोडावी लागते. आणि हा पठ्ठ्या ते सॉकेट रेडिएटरपाशी शोधत होता! शर्टावर चाकणच्या गाड्यांच्या कंपनीचा बिल्ला होता, तो वेगळाच.

"गाड्या बनवता आणि एवढं माहीत नाही?"

"मी नुसती दारं बसवतो ओ, मॅडम. बाकीची गाडी दुसरे लोक बनवतात."

मी दार उघडून वाकले, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. बघायला तोही वाकला. पावसात भिजलेल्या त्याच्या शर्टाला साबणाचा मंद वास होता.

"दिसलं?"

"दिसलं की," तो म्हणाला. बघत मात्र होता माझ्याकडे.

बिघाड किरकोळ निघाला. हवेच्या सेन्सरचा प्लग सैल होता. मी तो घट्ट बसवला, इंजिनाचा पिवळा दिवा घालवला आणि शहाणपणा शिकवला, "हा प्लग निसटला की दिवा लागतो, लक्षात ठेवा."

त्यानं फारच लक्षात ठेवलं. पुढच्या शनिवारी दिवा पुन्हा लागलेला. त्याच्या पुढच्याही. नाव कळलं — धनेश. गाव लातूरकडचं, गाडी मामाची. वायर जोडता जोडता चहा व्हायला लागला, चहाबरोबर गप्पा.

चौथ्या शनिवारी मात्र तो हसला नाही. मला ते बघवेना, म्हणून मी स्कॅनरचा पडदा त्याच्यापुढे धरला.

"दिवा लागल्यावर गाडी किती चालली, तेही इथं दिसतं. वाचा."

"शून्य किलोमीटर."

"म्हणजे चाकणपासून ठणठणीत आली आणि आमच्या फाटकाशीच आजारी पडली! प्लग तुम्हीच काढता ना?"

गडी कानापर्यंत लाल झाला. "कधी कळलं?"

"दुसऱ्याच शनिवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"हक्काचं गिऱ्हाईक कोण तोडतं?"

तो हसला, पण अर्धवटच. "आता तुटंल, मॅडम. काल करार संपला. सात महिने झाले की ब्रेक देऊन घरी बसवतात आमच्यासारख्या कंत्राटी पोरांना. उद्या गावाकडं निघालो... परत बोलावतील का, ते काय खरं नाही."

मला एकदम रागच आला.

"आणि हे आज सांगताय?"

"सांगायचं दुसरंच होतं ओ. चार शनिवार झाले, तोंडातून निघंना. आता हाताला कामच नाही, तर कुठल्या तोंडानं सांगू?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. आबाजी पलीकडे टायर खोलत होते, त्यांना ऐकू जाईल याचीही मला पर्वा राहिली नाही.

"चाकणला काय एकच कंपनी आहे? काम मिळेल दुसरं. पण मी आठवडाभर शनिवारची वाट बघत बसते, त्याचं काय? मला आवडता तुम्ही. झालं... मीच सांगितलं!"

तो हळूच म्हणाला, "मलाबी हेच सांगायचं होतं. लई दिवस झाले. पण कंपनीनं नाहीच बोलावलं तर?"

"कंपनी बोलावो न बोलावो," मी म्हणाले, "मी बोलावतेय ना!"

"मग येतो," धनेश म्हणाला. "आईला भेटतो अन् आठ दिवसांत येतो."