चाकावरचा हात

गोदाम आता सकाळीच उघडणार. लाईटही गेलेत. बसा, मेणबत्ती तुमच्याकडे सरकवतो. अंग आंबून गेलंय, पण झोप येत नाही. ऐकणार असाल तर एक सांगतो. घरी सांगण्यासारखं नाही हे.

खराडीत आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, तेव्हा मी परभणीकडून आलो. वाघोलीत सुशीलाबाईंच्या चाळीत खोली घेतली, रुपालीला आणलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काही दिवस ठेकेदाराकडे राबलो, मग एक जुना टेंपो घेतला. टेंपो कसला, सांगाडाच! पण नव्या ऑफिसांमध्ये टेबल-खुर्च्या पोचवायचं काम दसऱ्यापासून मिळणार होतं. अट एवढीच, की गाडी नीटनेटकी दिसली पाहिजे. काम हुकलं असतं तर चंबूगबाळं आवरून गावी. मला फार काही नको होतं हो. दिवसभर मरमर करावी आणि रात्री आपल्या घरी, आपल्या बायकोसमोर जेवायला बसावं, एवढंच.

गॅरेज परवडणारं नव्हतं, म्हणून सगळं हातानंच केलं. हौद्याला फळ्या ठोकल्या. भंगारातले पाइप वाकवून ताडपत्रीला कमानी केल्या. रुपालीनं जुन्या चादरीचं सीटकव्हर शिवलं. चाकांच्या डिस्क, ज्यांवर टायर बसतो त्या लोखंडी तबकड्या, पार गंजलेल्या होत्या. बाकीच्या पॉलिश पेपरनं घासून निघाल्या, पण पुढच्या डाव्या चाकाची डिस्क चिरलेली होती. तसली दुसरी जुन्या बाजारात मिळाली.

“कुठल्या गाडीची आहे हो?” मी विक्रेत्याला विचारलं.

“गोल आहे ना? मग झालं.” त्यानं मान वर न करता सांगितलं.

घरी आणून घासायला बसलो. वरचा निळा रंग गेला, खालचा लाल गेला, आणि त्याखाली हात निघाला. हळदकुंकवात बुडवून उमटवलेला बाईचा पंजा. बोटं लांब होती. मनगटाशी बांगडी टेकल्याची रेघसुद्धा दिसत होती.

सुशीलाबाई धुणं वाळत घालत होत्या. त्या जवळ आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

“बाईचा हात हाय त्यो,” त्या हळूच म्हणाल्या. “गाडी पयल्यांदा भायेर निघती तवा लावत्यात. आपला माणूस माघारी घरी यावा म्हून. घासू नगंस, वैजनाथ. नदीला सोडून ये.”

“मावशी, मग दुसरी कुठून आणू?”

त्या धुण्याकडे वळल्या. मी रॉकेलचा बोळा घेतला आणि हात पुसून टाकला.

प्रायमर मारला. वाळल्यावर त्यातून पंजा वर आला. पुन्हा घासलं, चंदेरी रंग फवारला. पुन्हा पंजा. तेलकटपणा राहिला असेल, अशी मनाची समजूत घातली. दसऱ्याच्या सकाळी जाड थर दिला आणि चाक बसवलं. रंगाच्या वासात हळदीचा वास येत होता, तो काही केल्या जाईना.

रुपाली ताट घेऊन आली. नारळ फोडला, झेंडूचा हार घातला, आणि तिनं हात हळदकुंकवात बुडवला.

“थांब, रंग ओला आहे अजून.”

“मुहूर्त थांबतो होय?” असं म्हणत तिनं त्याच चाकावर पंजा टेकवला.

हात उचलला तसा ओला रंग तिच्या तळव्याबरोबर निघून आला. खाली तो जुना हात तसाच होता, बरोबर तिच्या हाताखाली. ती हसली. “माझा हात केवढा दिसतोय बघा.” मला हसू आलं नाही.

पहिली खेप उरकायला दिवेलागण झाली. परत निघालो तर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. वळण मी घ्यायच्या आधी टेंपोच घेत होता. पुढून किणकिण ऐकू येत होती... थांबलं की बंद, चाललं की सुरू. खराडीच्या पुढं टेंपो बाजूला घेतला, नट तपासले. सगळे घट्ट होते. ब्रेकनं डिस्क तापली होती, पण पंजाच्या जागी हात लावला तर गार... माठासारखी गार. अंगात त्राण नव्हतं. सीटवर बसून डोकं टेकलं आणि डोळा लागला.

जागा झालो तर टेंपो आमच्या चाळीसमोर उभा होता. इंजिन बंद. किल्ली माझ्या खिशात.

दार वाजवलं. रुपालीनं डोळे चोळत उघडलं.

“परत कुठं गेला होतात?”

“परत? मी आत्ताच येतोय.”

“अहो, मघाशीच आलात... जेवलात... झोपलात की.” तिनं मागं वळून पाहिलं. “इथंच तर होतात...”

अंथरूण रिकामं होतं. उशी दबलेली होती. मोरीत खरकटं ताट होतं. थकव्यानं आपणच भ्रमिष्टासारखे आलो असू, जेवलो असू, असं मी स्वतःला समजावलं. पण पोटात भुकेचा आगडोंब उसळला होता.

दुसऱ्याच दिवशी दुसरी डिस्क मिळवली आणि ती पंजाची तुळापूरला नदीच्या संगमावर सोडून आलो. सुशीलाबाई फक्त म्हणाल्या, “आता सोडून काय व्हतंय?”

काम जोरात आहे. रोज उशीर होतो, जाऊन चार घास गिळतो आणि आडवा होतो. पूर्वी रुपाली कुरकुर करायची, तुम्ही माझ्याशी दोन शब्द बोलत नाही म्हणून. हल्ली ती तक्रार करत नाही. खुशीत असते. मला बरं वाटायचं.

परवा जेवायला वाढताना तिनं विचारलं, “भाकरीवर दूध घालू ना?”

दुधाचा मला लहानपणापासून तिटकारा. वासानंसुद्धा मळमळतं. “दूध? मी कधी खातो?”

“काय हो हे! कालच तर मागून घेतलंत,” ती लाजत म्हणाली. “आणि किती वेळ बोलत बसला होतात...”

आदल्या रात्री मी नगरला मुक्कामाला होतो.