जर्मन शिकनारी जोडी

ऐका ना व पोरींनो! पायल, मधात बोलाचं नाई, नाईतं मी सांगतच नाई.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पुसदले बियान्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आमचा जर्मनचा क्लास. सारे नर्सिंगवाले. परीक्षा पास झालं की जर्मनीच्या दवाखान्यात नोकरी. त्या दिवशी कंटाळवाना भुरभुर पाऊस... मी भिजत वर गेली, तं माया खुर्चीत एक बुवा आरामात बसून! माई बॅग खाली.

"ओ भाऊ, उठा."

"भाऊ नका म्हनू," तो म्हने, "मंग पस्तावसान."

बाप्पा! उमरखेडचा धम्मरत्न तो. नाक थोडं वाकडं, पन हसला की... जाऊ द्या.

त्या दिवशी इंद्रजीत सरनं क्रियापदापासून विशेषन बनवाचं शिकवलं. जे काम चालू हाय त्याच्या शेपटीले 'एन्ड' लावा, जे होऊन गेलं त्याच्या डोक्यावर 'गे' ठेवा, अन् नावाच्या आधी बसवा. आपलं रडनारं लेकरू, शिजवलेला भात, तसंच. सरले फ्रेंच बी येते. म्हने, फ्रेंचवाले तेच नावाच्या मागून लावतात... लेकरू रडनारं.

धम्मरत्न हळूच वाकला. "म्हंजे फ्रेंच मानूस आधी पोरगी पाहते, मंग ती काय करून राह्यली ते. जर्मन मानूस आधी काम पाहते!"

"अन् उमरखेडचा?"

"तो नुसता पाहतच राह्यते."

मी पुस्तकात तोंड खुपसलं. कान गरम झालते माये!

बोलाची परीक्षा दोघादोघांची असते — कार्ड भेटते, दोघांनी मिळून काहीतरी ठरवाचं. सरनं आमची जोडी लावली. मंग रोज क्लास सुटला की बसस्टँडच्या टपरीवर आमची तयारी. तो बोट दाखवे, मी जर्मनमध्ये म्हनो. उकळनारा चहा. फुटलेली कपबशी. पेंगनारा कंडक्टर. एकदा त्यानं बोट मायाकडंच केलं... "लाखेन्ड," म्हने. हसनारी.

घर लावाचा विषय आला तं आमी खरंच घर लावलं व! रंगवलेल्या भिंती, वाळत घातलेले कपडे, दोन खुर्च्या. तो म्हने, तू ड्यूटीवरून थकलेली येशीन, मी भात टाकून ठेवीन. सारं जर्मनमध्ये! अन् मराठीत? "जेवली का?" "बस आली पाय." बस्स.

मराठीत बोललं की माया तांडा ऐकते, त्याची बुद्धविहाराची गल्ली ऐकते. जर्मनमध्ये ऐकाले कोनीच नाई ना!

घरी याडी-बानं सांगून ठेवलतं. पास झाली तं जा, नाईतं तुळशीच्या लग्नानंतर लगन. पोरगा आपल्याच तांड्यातला पाहेलच हाय. म्हनून ते परीक्षा... मायं सारं त्याच्यावरच होतं.

अन् कार्डावर काय आलं माईत हाय? सोबत काम करनारा एक जन कायमचा चालला, त्याच्या निरोपाचा कार्यक्रम ठरवा.

"फुलं कोन आननार?" त्यानं इचारलं. मी म्हनलं, मी.

"गाडीवर सोडाले कोन जाईन?"

मायं तोंडच उघडे ना. शब्द येत होता व! पन जानारा मानूस म्हनलं की समोर तोच दिसे... त्यानं सोपं करून इचारलं. परत इचारलं. परीक्षा घेनारी मॅडम कागदावर काहीतरी लिहून राह्यली होती. मी नुसती टेबलाकडं पाहत.

तो पास. मी बोलाच्याच पेपरात नापास.

"तू काहून थांबली?" बाहेर त्यानं इचारलं.

"तू जाताना दिसला."

मले वाटलं आता म्हनन... आता म्हनन... "चहा घेतं का?" म्हने. असा राग आला मले! अन् रडू.

आज सकाळी तो जर्मनीले जायाले निंघाला. स्टँडवर त्याची आई कांताबाई बी होती, लोनच्याचा डबा छातीशी धरून. तो खिडकीत बसला. गाडी सुरू झाली तवा खिडकीतून मायाकडं पाहून बोलला — जर्मनमध्येच!

"काय म्हनून राह्यला व तो?" कांतामावशीनं इचारलं.

सांगता आलं असतं, की तुमच्या गोळ्यांचं सांगून राह्यला. पन माया जिभेवर खरं तेच आलं, आपल्या मराठीत, तेही मोठ्यानं. "मावशी, तो मले म्हनते, मी तुई वाट पाहीन. अन् मलेही तोच पाहिजे."

धम्मरत्नचं तोंड पांढरं पडलं. तो काही बोलाले गेला, तं गाडी वळली. डबा मावशीच्याच हातात राह्यला.

तिनं डोळे पुसले. मंग म्हने, "परीक्षा कवा हाय परत?"

"जानेवारीत."

"अन् लगन?"

"त्याच्या आधी."

"बाचं नाव काय तुया?"

"नेमसिंग."

तिनं पदर खोचला. "चाल. तुया तांड्याची गाडी कुठं लागते?"

आता ती अंदर बसून हाय, बासमोर. याडीनं दार लोटून घेतलं, मले बाहेर काढलं. पयले बाचा आवाज येत होता... आता कोनाचाच येत नाई.

पायल, माया हात धर ना व.