टेपचं टोक

"मॅडम, एक मिनिट हे टोक धरता का?"

एका हातात डबा, दुसऱ्यात हेल्मेट, दातांत चावी... आणि हा पठ्ठ्या जिन्यात टेप घेऊन माझी वाट अडवून उभा!

"हात दिसतात का माझे रिकामे?" चावी काढून मी फणकारले.

त्यानं निमूटपणे माझं हेल्मेट घेतलं, स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि टोक माझ्या बोटांत दिलं. धरलं मग, काय करणार!

प्रशील नाव त्याचं, माझं डिंपल. धुळ्याचा आर्किटेक्ट. आमची इमारत म्हणजे जळगावातलं जुनं ताप्ती हॉटेल, लाल विटांचं, कमानींचं. आता खोल्याखोल्यांत ऑफिसं आहेत. सात नंबरच्या खोलीत आमचं विम्याचं ऑफिस, पण दारावरचा पितळी सात अजून तसाच. मालकांना डागडुजी करायची होती, म्हणून हा मापं घ्यायला आला होता.

"बाहेर बेचाळीस डिग्री आहे. आता इथं हात लावा," तो म्हणाला.

मी व्हरांड्याच्या भिंतीला तळवा टेकवला. अगं बाई, किती गार! तीन वर्षं इथं नोकरी करतेय, पण त्या भिंतीला कधी हात लावला नव्हता.

आठवड्यानं तो परत आला. म्हणे, माप जुळत नाही. पहिल्या वेळी खरंच माझी चूक होती, मी टोक खांबाच्या भलत्याच बाजूला धरलं होतं. पण त्यानंतर... त्यानंतर मी ते मुद्दाम चार बोटं सरकवलं. काय करू? नकाशा पूर्ण झाला की हा धुळ्याला जाणार. मग जळगावात त्याचं काय काम?

"तुना धुयाना पोऱ्या उना व माय!" तुझा धुळ्याचा पोरगा आला गं, असं वॉचमन झिपरूआबा फाटकातूनच अहिराणीत ओरडायचे, आणि माझे कान तापायचे.

चौथ्या खेपेला त्याचा फोन वाजला. त्याच्या सरांचा आवाज मला टेपच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. "एका व्हरांड्याला चार खेपा? उद्यापासून दुसऱ्याला पाठवतो!"

"सॉरी सर, माझीच चूक," प्रशील म्हणाला.

त्यानं फोन ठेवला.

"चूक तुमची नाही," मी म्हणाले. "मी... मी टोक सरकवत होते. मुद्दाम."

त्यानं पेन्सिल कानामागे खोचली. "माहितीय."

"काय?"

"वीट नऊ इंचाची. या भिंतीच्या विटा मी दुसऱ्याच खेपेला मोजल्या. माप तेव्हाच मिळालं."

"मग बोलणी कशाला खाल्लीत? अडीच-अडीच तास एसटीत..."

"माप दिलं असतं तर इथं काय सांगून आलो असतो?"

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. "शहाणेच आहात! डिंपलला भेटायला आलो, एवढं सांगता येत नाही?"

आता त्याचे कान लाल. "टोक सोडा, टेप गुंडाळतो."

"नाही सोडणार."

मग प्रशीलच टेप गुंडाळत, एकेक पाऊल टाकत, माझ्यापर्यंत आला. त्याची बोटं माझ्या बोटांवर थांबली.

"आज सरांना खरं माप द्या," मी कशीबशी म्हणाले.

"देतो. आणि रविवारी येतो."

"रविवारी ऑफिस बंद असतं हो!"

"म्हणूनच येतोय."